चौथ्या कप्प्यातला नंबर

मी एकदा एका चालत्याबोलत्या माणसाला चौथ्या कप्प्यात कोंडून ठेवलं. कडी नव्हती, कुलूप नव्हतं. बोटाने नुसतं दाबलं असतं तरी कप्पा उघडला असता. पण कुणी दाबलंच नाही. आणि कोंडणारी बाई, म्हणजे मी, बाहेर खुर्चीत बसून स्वतःच्या हुशारीवर खूश होती. वय काही कोवळं नव्हतं, नात शाळेत जात होती. त्यामुळे ‘लहान होते, चुकले’ म्हणायचीही सोय नाही.

कोंडणं संगणकावरचं होतं. पोलिसांनी तसदी घेऊ नये.

माझा धंदा वेबसाइट बनवण्याचा. जिंतुरात एक आजी वेबसाइट बनवते म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, “खरं कोण बनवतं?” मीच बनवते. आधी आम्हा नवराबायकोचा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर भंगारात गेले तेव्हा आम्ही संगणक आणले आणि लग्नपत्रिका, हँडबिलं करून देऊ लागलो. एके दिवशी बियाण्यांच्या एका व्यापाऱ्याने विचारलं, “बाई, हे हँडबिल इंटरनेटवर टाकता येतं का?” मी म्हटलं, “येतं की.” मला येत नव्हतं. आमचे हे माझ्याकडे बघतच राहिले. पण खोटं एकदा तोंडातून गेलं की ते खरं करावं लागतं, म्हणून शिकले.

मी बनवते त्या वेबसाइटी साध्या. एकदा लिहून ठेवलं की ते तसंच बसून राहतं. येईल त्याला तेच दिसतं, हँडबिलासारखं. आत लॉगिन नाही, खरेदी नाही. दुकानाचं नाव, मालकाचा फोटो, काय मिळतं, कुठे मिळतं, फोन नंबर. आमच्याकडच्या माणसांना एवढंच लागतं, पण ते कसं लागतं ते ऐकण्यासारखं असतं. एका मंगल कार्यालयाच्या मालकांना आपलं नाव रोषणाईसारखं लुकलुकताना हवं होतं. दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन, “बाई, बंद करा, मंडळी म्हणायली डोळे दुखतात.” ताडकळसच्या एका कापडवाल्याने आपला फोटो टाकायला सांगितला, मग वडिलांचा, मग आजोबांचा. शेवटी साडी कुठे दाखवायची हाच प्रश्न उरला. मी म्हटलं, “आजोबांच्या खांद्यावर टाकू का?” तो माणूस वर्षभर रागावला होता. मला मात्र ते आठवून अजून हसू येतं, इलाज नाही.

हे गेले आणि क्लासही गेला. दोन्ही एकाच वर्षी गेले असं नाही, पण मला आठवताना ते एकदमच आठवतं. मुलं पुण्यात. ‘आई, इकडे ये’ म्हणत होती, अजून म्हणतात. मी गेले नाही. तिथे माझ्या खोलीला खिडकी आहे, पण खिडकीतून कुणी ‘काय करायलात?’ असं विचारत नाही. इथे तरी कोण विचारत होतं म्हणा. क्लासच्या खोलीतल्या संगणकांवर मी प्लॅस्टिकची आवरणं घातली होती. रांगेने बसलेली, तोंडं झाकलेली पोरं असावीत तशी ती दिसायची. त्यातल्या एकाचंच आवरण मी रोज काढायची आणि समोर बसायची.

अशा दिवसांत मला कप्पे सापडले.

टॅब म्हणतात त्यांना. मी कप्पे म्हणते. पानाच्या वर एका ओळीत बटणं, खाली प्रत्येक बटणाचा मजकूर. एक बटण दाबलं की त्याचा मजकूर दिसतो आणि बाकीचे दडून बसतात. गंमत अशी की मजकूर सगळा तिथेच असतो, कुठे गेलेला नसतो. पानाला आपण नुसतं सांगून ठेवलेलं असतं, सगळे लपव, आणि ज्याचं बटण दाबलं जाईल तेवढा दाखव. लांबलचक पान हातभर होतं. नीटनेटकं दिसतं. परदेशी वेबसाइटींवर मी ते बघितलं आणि मला वाटलं, आता मी जगात आले.

पहिला प्रयोग त्या बियाणेवाल्यावर केला. सगळे लपव हे सांगितलं, पण सुरुवातीला पहिला दाखव हे सांगायचं विसरले. त्याचा फोन आला, “बाई, दुकान उघडलं हाय, पण शटर पाडूनच ठेवलंय की!” पान कोरं. नुसती चार बटणं. ती चूक मी तासाभरात दुरुस्त केली आणि मला वाटलं, या कामात याहून मोठी चूक असूच शकत नाही.

मग मी सुटलेच. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. जुन्या गिऱ्हाइकांची एकेक वेबसाइट काढायची आणि तिला कप्पे करायचे. आता कळतं, ती सजावट नव्हती. संध्याकाळ लांब होती आणि घरात कुणी नव्हतं. पण त्या वेळची मी असलं काही कबूल करणारी नव्हती. ती म्हणायची, मी तंत्रज्ञान अद्ययावत करते आहे. बाईचा तोरा असा की विचारू नका.

त्या लाटेत वालूरच्या मन्मथअप्पांचं पान सापडलं.

अप्पांबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात निजामाचं राज्य होतं, तेव्हा जमिनीचा, वाटणीचा, इनामाचा कागद उर्दूत व्हायचा. राज्य गेलं, कागद घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांत राहिले, आणि ते वाचणारे एकेक करून कमी झाले. अप्पांची लहानपणची शाळा उर्दूतली. पुढची नोकरीही जुन्या दप्तरांत गेली. निवृत्तीनंतर लोक त्यांच्याकडे पेटीतले कागद घेऊन यायचे आणि ते वाचून मराठीत सांगायचे. बायको वारलेली, मुलगी लातूरला. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा, आणि दार दिवसभर उघडं.

त्यांचं वाचणं मी एकदा बसून ऐकलं आहे. भिंग धरून ते उजवीकडून डावीकडे सरकायचे आणि मधेच थांबायचे. “वल्द म्हंजी मुलगा. साकिन म्हंजी राहणार. ह्यांचा मुलगा, अमुक गावचा राहणार...” मग नाव वाचायचे आणि समोरच्याला म्हणायचे, “हे बघा, आले तुमचे पणजोबा. सरका जरा, बसू द्या त्यांना.” आणि समोरचा माणूस खरंच थोडा सरकायचा.

त्यांची वेबसाइट मीच केली होती, कप्प्यांच्या आधी. एक लांब पान. वर जुन्या कागदांची माहिती, मग उर्दू शब्दांचे अर्थ, मग कागद कसे सांभाळून आणावेत, मग अप्पांची ओळख, आणि सगळ्यात खाली फोन नंबर. त्याच्याखाली त्यांनी स्वतः सांगितलेली ओळ: ‘येण्याआधी फोन करा. मी घरीच असतो.’

फोन यायचे. माणसं यायची. आणि कुणी येऊन गेलं की अप्पा संध्याकाळी मला फोन करायचे. “बाई, आज सेलूहून दोघं भाऊ आले होते. एकमेकांशी बोलत न्हवते. कागदात त्यांचा आजा निघाला, तर दोघं एकदम रडायला लागले. मी म्हणलं, आता आलायच तर चहा करा दोघं मिळून.” मी ऐकायची, हसायची, दोनचार टोमणे मारायची. फोन ठेवल्यावर घर जरा वेगळं वाटायचं. पण ते तेव्हा माझ्या ध्यानात नव्हतं.

अप्पा एकदा कामाला जिंतूरला आले तेव्हा मी त्यांना नवे कप्पे दाखवले. चार बटणं: परिचय, जुने शब्द, कागद आणताना, संपर्क. परिचय पहिला, कारण मोठ्या लोकांच्या वेबसाइटींवर तसाच असतो. पहिला कप्पा रिकामा दिसू नये म्हणून अप्पांचा फोटो मी चांगला मोठा केला, त्याला शोभेची काळी चौकट टाकली, आणि खाली त्यांच्यावर एवढं भारदस्त लिहिलं की शोकसभेत उभं राहून वाचावं.

अप्पांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, “ते आधीचं बरं होतं, बाई. एकाखाली एक. माणूस वाचत वाचत खाली यायचा अन् शेवटाला माझ्यापशी यायचा.”

मी म्हटलं, “अप्पा, आता लोकांना खाली यायला वेळ नसतो.”

हे मी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज आठवला की आजही मला माझ्याच कानाखाली द्यावीशी वाटते. अप्पा म्हणाले, “बरं. त्यातलं तुमाला कळतंय.”

त्यानंतर त्यांचे फोन कमी झाले आणि मग बंद झाले.

माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. पहिल्यांदा वाटलं, गर्दी वाढली असेल, माझ्या कप्प्यांमुळे. मग वाटलं, रागावले असतील. रागावले असतील तर त्यांनीच फोन करावा, मी कशाला? मग पाऊस आला आणि गेला, सोयाबीन निघालं, आणि मी रोज संध्याकाळी फोन टेबलावर उताणा ठेवून बसायची. तो दिसावा म्हणून. वाजायचा तो बँकेचा नाहीतर विम्याचा. खरं सांगायचं तर फोन करून म्हणणार काय, हेही कळत नव्हतं. काम नव्हतं काही. काम नसताना फोन करायचा तर म्हणावं लागलं असतं, अप्पा, मला इथे करमत नाही. हे म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. जगाला टोमणे मारायला मात्र छान वळायची.

दिवाळीनंतर एकदा अप्पांचा फोन आला. आवाज बारीक झालेला.

“बाई, ती वेबसाइट यंदा बंद करून टाका.”

“का हो अप्पा?”

“कुणी येईना. जुने कागद संपले वाटतं लोकांपशी. उगं जागा कशाला अडवायची?”

मी ‘बरं’ म्हटलं. नुसतं ‘बरं’. माझे कप्पे होते ना ते, माझी करामत, आणि हा माणूस म्हणतो बंद करा. मी फुगले आणि फोन ठेवला. ‘कुणी येईना’ हे दोन शब्द मी ऐकलेच नाहीत, किंवा ऐकले आणि त्यांनाही एका कप्प्यात टाकून दिलं.

बंद करायचं काम आज करू उद्या करू म्हणत राहिलं, हे नशीब. त्याच आठवड्यात मला हयातीचा दाखला द्यायचा होता. यांच्या क्लासआधीच्या नोकरीची थोडी पेन्शन मला मिळते, आणि पेन्शनीतल्या माणसाला वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे कागदावर सांगावं लागतं. तहसीलजवळ नारायणचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे आधारची प्रत काढायला उभी होते. पुढे डोक्याला रुमाल बांधलेला एक गृहस्थ, काखेत प्लॅस्टिकची पिशवी.

“उर्दू कागद कोण वाचून देतं का हो इथं?” त्याने विचारलं.

नारायणने मशीनवरचं डोकं वर केलं नाही. “व्हते एक वालूरला. गेले ते.”

“कवा?”

“झाले की बरेच महिने. लय चांगलं माणूस होतं. ते बघा.” आणि त्याने मागच्या भिंतीकडे हात केला.

भिंतीवर देवाच्या कॅलेंडरशेजारी अप्पा होते. माझं पान. मोठा फोटो, काळी चौकट, खाली माझं भारदस्त लिखाण. कागदाच्या कोपऱ्यात टाचणीने खोचलेलं एक झेंडूचं फूल, वाळून काळं पडलेलं. रुमालवाल्याने हात जोडले.

मला पहिल्यांदा खरंच धक्का बसला, की अप्पा गेले आणि मला कळवलंही नाही. मग आठवलं, याच आठवड्यात तर बोललो.

“नारायण, कुणी सांगितलं तुला?”

“कुणी म्हंजी? काकू, तुमीच तर टाकलंय.” त्याला माझंच नवल वाटलं. “आधी लोक विचारायचे तर मी पान काढून द्यायचो. सगळी माहिती यायची, शेवटाला नंबर यायचा. एक दिवस काढलं तर हे आलं. मोठा फोटो, चौकट, जीवनचरित्र. नंबर न्हाई. मी समजलो. तवापासून विचारायला आलं की सांगतो, गेले म्हणून. लय लोक हळहळले, काकू.”

आता यातलं धंद्याचं सांगते, कारण ते मला त्या दिवशी, त्या दुकानात, सगळ्यांसमोर कळलं. कप्प्यांचं पान छापलं की जो कप्पा उघडा असेल तेवढाच कागदावर येतो. बाकीचे लपव म्हणून सांगितलेलं असतं, म्हणून ते छपाईतूनही लपतात. छापताना सगळे उघड, असा वेगळा नियम लिहून ठेवता येतो. चार ओळींचं काम. मी लिहिला नव्हता, कारण वेबसाइट कुणी छापत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी परदेशातल्या पानांकडे बघून काम करत होते. आणि आमच्याकडची माणसं वेबसाइट बघत नाहीत, तिचं झेरॉक्स घेतात, घडी करतात आणि खिशात ठेवतात. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर हे वर्षानुवर्षं चाललं होतं. नारायण पडद्याकडे न बघता दोन कळा दाबायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. त्याला बटणं दिसली नाहीत, आणि मला नारायण दिसला नाही.

“अरे, जिवंत आहेत ते!” मी एवढ्याने ओरडले की रांगेतली माणसं मागे सरली.

रुमालवाला गृहस्थ शांत होता. म्हणाला, “मंग नंबर द्या की, मावशी.”

मी दिला. पाठ होता.

दाखला तसाच राहिला. घरी आले, संगणकावरचं आवरण काढलं आणि अप्पांचे चारही कप्पे मोडले. मजकूर पुन्हा एकाखाली एक लावला. चौकट काढली, फोटो लहान केला, भारदस्त लिखाण पुसून त्यांची जुनी ओळ शेवटी आणून ठेवली: ‘मी घरीच असतो.’ मग बाकीच्या सगळ्या वेबसाइटींना छपाईचा नियम लिहिला आणि प्रत्येकाचा फोन नंबर कप्प्यांच्या बाहेर, सगळ्यात वर काढून ठेवला. तेव्हापासूनचा माझा नियम आहे, कप्प्यात काहीही टाकावं, माणसाकडे जायची वाट टाकू नये. नवीन मुलं शिकायला विचारतात तेव्हा मी एवढंच सांगते. ती मान डोलावतात. त्यांच्या वयाला मान डोलावणं सोपं जातं.

अप्पा आता खरोखरच नाहीत. त्यांचं पान मी चालू ठेवलं आहे, नंबर मात्र माझा आहे. फोन येतात. ‘कागद वाचून देता का?’ मी म्हणते, “मला येत नाही, पण कोण वाचतं ते सांगते. कुठून बोलता?” मग ते सांगतात, कुठलं गाव, कुणाची पेटी, कोणते आजोबा. मी मधे मधे विचारत राहते. सांगण्यासारखी माहिती एका वाक्याची असते, फोन बराच वेळ चालतो.

पण तेव्हाचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी वालूरला गेले. दार उघडंच होतं. अप्पा खाटेवर बसलेले, भिंग उशाशी, सदरा अंगाला सैल झालेला. मला बघून उठायला लागले.

“बाई? काय काम काढलंत?”

“काम नाही,” मी म्हटलं. आणि मग जे झालं ते सगळं सांगून टाकलं. कप्पे, छपाई, चौकट, नारायणची भिंत.

अप्पा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मी पाणी दिलं. डोळे पुसत म्हणाले, “फुलं वाहिली व्हती का?”

“झेंडूचं एक होतं.”

“एकच?”

“नारायण तसा चिकट आहे, अप्पा.”

पुन्हा हसले. मग स्वतःच उठून चहा ठेवला. कपबशी एकच वापरातली दिसली, दुसरी फळीवरून काढून धुतली. चहा ओतताना म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. मला वाटायलं होतं, कागद संपले. माजं काम संपलं. रोज सकाळी आंघोळ करून बसायचो अन् वाटंकडं बघायचो. मी मेलो म्हणून कुणी येत न्हवतं, हे त्यापरीस लय बरं.”

तेवढ्यात त्यांचा बटणाचा मोबाइल वाजला. कालचा रुमालवाला होता. अप्पा त्याला मोठ्याने, अगदी ताठ बसून रस्ता सांगत होते: बसस्टँडवरून सरळ, मग मठाच्या अंगाला, दार उघडंच असतं. फोन ठेवला आणि तो हातात तसाच धरून बसले.

मी म्हटलं, “अप्पा, तुम्हाला विसरलं नव्हतं कुणी. त्या बिचाऱ्या लोकांना नंबरच मिळाला नाही. मीच लपवला होता.”

त्यांनी बशी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाले,

“लोकांचं ऱ्हाऊ द्या, बाई. त्यांच्यापशी नंबर न्हवता. तुमच्यापशी तर होता की.”